ऊस, युरिया आणि विहिरीचे पाणी

कालव्याच्या पाण्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत काय घडविले, याचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न धनंजयराव गाडगीळ यांनी केला होता. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करणारा त्यांचा अहवाल पुण्याच्या गोखले संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केला. पाणीपट्टीच्या रूपाने सरकारी तिजोरीत जे पडते तेवढेच पाटबंधाऱ्याचे उत्पन्न नव्हे. त्या पाण्यामुळे वाढणारा रोजगार, व्यापार, वाहतूक हेही समाजाच्या जमेस धरले पाहिजे, असा त्यामागील विचार होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० च्या अखेरीस, विठ्ठलराव विखे पाटील आणि गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. उसाच्या पैशातून शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, दूधसंघ आणि पतपेढ्या उभ्या राहिल्या. या जमेच्या बाजूबद्दल वाद घालण्याचे कारण नाही.

परंतु अप्रत्यक्ष लाभ मोजावयास ज्या परंपरेने आपल्याला शिकविले, तिच्याशी प्रामाणिक राहावयाचे तर अप्रत्यक्ष हानीही मोजणे क्रमप्राप्त ठरते. उसाच्या पाण्याचा प्रश्न गेली अनेक वर्षे चर्चेत आहे. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्के जमिनीवरील हे पीक सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेते, असे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाने नमूद केलेले आहे. मात्र ही सारी चर्चा पाण्याच्या परिमाणाची आहे. जे पाणी शिल्लक राहते ते कसे असते, हा प्रश्न मागेच पडतो. उसाला घातलेल्या नत्राचा एक भाग जमिनीत झिरपून विहिरींत उतरतो आणि त्याचा खर्च ना कारखान्याच्या ताळेबंदात दिसतो, ना शेतकऱ्याच्या वहीत, ना सरकारच्या अंदाजपत्रकात. हा खर्च कोठे तरी नोंदला गेला पाहिजे, आणि तो नोंदण्याची सर्वांत योग्य जागा साखर कारखाना ही आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नत्राचा प्रवास

युरियात ४६ टक्के नत्र असते. जमिनीत पडल्यावर युरियाचे प्रथम अमोनियात आणि पुढे सूक्ष्म जिवाणूंच्या क्रियेने नायट्रेटमध्ये रूपांतर होते. पिकाची मुळे नत्र प्रामुख्याने याच रूपात घेतात. अडचण अशी की मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही तोच. त्यामुळे अमोनियाला माती जशी धरून ठेवते तशी ती नायट्रेटला धरू शकत नाही. मुळांनी वेळेवर उचलले नाही तर ते पाण्याबरोबर खाली जाते. काही नत्र चुनखडीयुक्त जमिनीतून अमोनियाच्या रूपाने हवेत उडते, काही पाणी साचलेल्या जमिनीतून वायुरूप होऊन निघून जाते. घातलेल्या नत्रापैकी निम्मे पिकाच्या उपयोगी पडले तरी ते चांगले व्यवस्थापन मानावे, अशी वस्तुस्थिती आहे.

आता उसाला घालावयाच्या मात्रा पाहू. आपल्याकडील प्रचलित शिफारशीनुसार आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो, पूर्वहंगामी उसाला ३४० किलो, तर सुरू उसाला व खोडव्याला २५० किलो नत्र द्यावयाचे असते. राज्यातील बहुतेक प्रमुख पिकांना एवढे नत्र लागत नाही. आणि हे झाले शिफारशीचे आकडे. शेजाऱ्याने दोन गोण्या जास्त टाकल्या म्हणून आपणही टाकाव्यात, हा व्यवहार शिफारशीच्या तक्त्यात येत नाही.

याच शिफारशीत हप्तेही ठरवून दिलेले आहेत : लागणीच्या वेळी दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीच्या वेळी उरलेले चाळीस टक्के. आडसालीची लागण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत होते. म्हणजे चाळीस टक्क्यांचा पहिला मोठा हप्ता सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. अहिल्यानगर, सोलापूर, पुण्याचा पूर्व भाग, साताऱ्याचे फलटण-माण या अवर्षणप्रवण पट्ट्यात वर्षातला सर्वांत भरवशाचा आणि मोठा पाऊस सप्टेंबरचाच असतो. उसाचे फुटवे अजून लहान असतात, मुळे उथळ असतात. अशा वेळी हेक्टरी १६० किलो नत्र सरीत आणि वर मुसळधार पाऊस, असा योग जुळून आला म्हणजे नायट्रेटला विहिरीची वाट आयतीच मिळते. पावसाची उघडीप पाहून हा हप्ता दोन-तीन वेळा विभागून द्यावा, एवढी साधी दक्षताही यात बराच फरक पाडू शकेल.

हे प्रमाण किती मोठे आहे, याची कल्पना एका साध्या गणिताने यावी. ४०० किलोपैकी केवळ दहा टक्के, म्हणजे ४० किलो नत्र खाली झिरपले असे उदाहरणादाखल धरू. त्याचे सुमारे १७७ किलो नायट्रेट होते. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची कमाल मर्यादा ठरविलेली आहे आणि त्यात कोणतीही सवलत ठेवलेली नाही. १७७ किलो नायट्रेट या मर्यादेइतके सौम्य करावयास ३९ लाख लिटर शुद्ध पाणी लागेल. म्हणजे त्या हेक्टरावर सुमारे ४० सेंटिमीटर उंचीचा थर उभा राहील इतके. ज्या प्रदेशात वर्षाचा पाऊसच पन्नास-साठ सेंटिमीटर आहे आणि बसाल्ट खडकामुळे त्यातला अगदी थोडा भाग भूगर्भात मुरतो, तेथे हे पाणी आणावयाचे कोठून? पाटाचे पाणी मुरते हे खरे. परंतु नायट्रेटला खाली ढकलण्याचे कामही तेच करते.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात देशभर तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. महाराष्ट्राच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. देशातील सर्वाधिक बाधित अशा पंधरा जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ असे महाराष्ट्राचे सात जिल्हे होते.

ही नावे वाचताच चाणाक्ष वाचक विचारील की, यात कोल्हापूर, सांगली, सातारा कोठे आहेत? वर्धा आणि यवतमाळ हे काही उसाचे जिल्हे नव्हेत. आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. विहिरीतले नायट्रेट केवळ खतातून येत नाही. गावातील उकिरडे, गोठे, उघडी गटारे आणि विहिरीलगतचे शोषखड्डे यांतूनही ते येते. विदर्भातील उथळ विहिरी, कोरडवाहू शेतीतही वाढलेला युरियाचा वापर आणि गावठाणातील सांडपाणी यांचा वाटा तेथे मोठा असणार. तेव्हा राज्यातल्या साऱ्या दूषित विहिरींचे पाप उसाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

पण म्हणून ऊस निर्दोष ठरत नाही. गावठाणातील दूषितीकरण गावाभोवती मर्यादित असते. उसाचे क्षेत्र सलग शेकडो हेक्टर पसरलेले असते, बारमाही भिजते आणि नत्राची फार मोठी मात्रा तेथे पडते. शिवाय एखाद्या विहिरीत नायट्रेट उकिरड्याचे किती आणि खताचे किती, हे ठरवावयास शेतात नत्र किती पडले आणि उसाबरोबर बाहेर किती गेले याची नोंद लागते. ती आपण ठेवत नाही. नोंद नसल्याचा फायदा नेहमीच दूषित करणाऱ्याला मिळतो. त्रास मात्र पाणी पिणाऱ्याला होतो.

किंमत कोण मोजतो?

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही; पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट थोडे वाढतेच. ब्लीचिंग पावडरीचाही त्यावर परिणाम होत नाही. १९४५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातील हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आणि तान्ह्या मुलांचे अंग निळे पडणे यांचा संबंध वैद्यकीय जगापुढे मांडला. सहा महिन्यांखालील मुलाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास निकामी करते आणि मूल अक्षरशः आतल्या आत गुदमरते. अंगावर पिणाऱ्या मुलाला हा धोका फारसा नाही. पाणी घालून दिलेल्या वरच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाला तो आहे. प्रौढांवरील दीर्घकालीन परिणामांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद असले, तरी तान्ह्या मुलांविषयी ते नाहीत.

आता हे पाणी पिणार कोण, याचा विचार करा. बागायतदाराच्या घरी शुद्धीकरणाचे यंत्र बसलेले असते. मध्यम शेतकरी पाच-दहा रुपये मोजून गावातल्या केंद्रावरून वीस लिटरचा जार आणतो. ज्याला रोज हा खर्च परवडत नाही तो विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी पितो. आणि दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला येणारी जी कुटुंबे फडाजवळ कोप्या घालून राहतात, त्यांना तर जवळात जवळची विहीर हाच आधार असतो. पहाटे फडात जाणाऱ्या आईचे तान्हे मूल मोठ्या भावंडाच्या हवाली असते, आणि त्याच्या वाटीतल्या दुधात पाणी कोणत्या विहिरीचे आहे हे पाहावयास तेथे कोणी नसते. उसाच्या व्यवहारात ज्यांचा वाटा सर्वांत लहान, त्यांच्याच मुलांवर या व्यवहाराचा सर्वांत मोठा धोका लादला जावा, हे कोणत्याही अर्थशास्त्राला समर्थनीय ठरविता येणार नाही.

शेतकरी मूर्ख नाही

अशा प्रसंगी शेतकऱ्याला उपदेश करण्याचा मोह आपल्याकडे फार लवकर होतो. माती परीक्षण करा, संतुलित खते वापरा, अशी भाषणे कृषिमेळाव्यांतून अर्धशतकाहून अधिक काळ होत आली आहेत. तरीही वर्तन बदलत नसेल, तर दोष शेतकऱ्याच्या अज्ञानात नसून त्याच्यापुढील किमतींत आहे असे समजावे.

४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. म्हणजे एक किलो नत्र तेरा रुपयांच्या आत पडते. १३५० रुपयांच्या डीएपीच्या गोणीतून नत्राची किंमत वजा केली, तर एक किलो स्फुरद पन्नास रुपयांहून महाग जाते. हे अंतर आपोआप पडलेले नाही. मराठे समितीच्या शिफारशींवरून १९७७ साली नत्रखतांसाठी धारणमूल्य योजना आली आणि कारखान्याचा खर्च व शेतकऱ्याची किंमत यांतील फरक सरकारने उचलण्याची पद्धत रूढ झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील नियंत्रण उठविले गेले, युरियावरचे राहिले. १ एप्रिल २०१० पासून पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले. त्यातूनही युरिया वगळला गेला. टनाला ५३६० रुपये ही युरियाची मूळ किंमत २०१२ सालापासून तशीच आहे. त्याच २०१२-१३ च्या हंगामात उसाचा रास्त व किफायतशीर दर क्विंटलला १७० रुपये होता. २०२५-२६ साठी तो ३५५ रुपये ठरला. उताऱ्याचा आधार या काळात बदलला हे लक्षात घेऊनही, उसाच्या तुलनेत युरिया दर वर्षी स्वस्त होत गेला यात शंका राहत नाही.

आता शेतकऱ्याच्या जागी बसून हिशेब करू. ४०० किलो नत्र पूर्णपणे युरियातून दिले असे धरल्यास १९ गोण्यांहून थोडे अधिक लागतात. खर्च सुमारे ५१५० रुपये. हेक्टरी शंभर टन ऊस आणि टनाला तीन हजार रुपये धरले तर उत्पन्न तीन लाखांचे. युरियाचा खर्च त्याच्या दोन टक्केही होत नाही. शिफारशीपेक्षा पाच गोण्या अधिक टाकावयास १३३० रुपये लागतात, आणि अर्धा टन ऊस वाढला तरी ते वसूल होतात. पाऊस नत्र वाहून नेईल की काय, ही धास्ती मनात असताना एवढ्या स्वस्तात विमा मिळत असेल तर तो कोण नाकारील? शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता बिनचूक असतो. चूक आहे ती विहिरीला किंमत नसलेल्या हिशेबाची.

उसाची किंमत देण्याची पद्धतही याच दिशेने रेटा देते. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरतो आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात ते टनावर. नत्र जास्त झाले, विशेषतः उशिरा दिले गेले, की ऊस नुसताच वाढतो, लोळतो, पक्व होण्यास वेळ लावतो आणि त्यातील साखरेचे प्रमाण घटते. हे शेतकऱ्याला ठाऊक असते. परंतु त्याच्या एकट्याच्या उसाचा उतारा घसरल्याने होणारा तोटा हजारो सभासदांत वाटला जातो, आणि वाढलेल्या वजनाचा फायदा मात्र संपूर्णपणे त्याचाच असतो. सामायिक कुरणावर प्रत्येकाने एक जनावर जास्त सोडावे तसाच हा प्रकार आहे. येथे सामायिक कुरणे दोन आहेत : एक उतारा आणि दुसरे भूजल.

कारखाना हाच हिशेबनीस

मग उपाय काय? युरियाची किंमत एकदम वाढवावी, असे सुचविणे सोपे आहे. परंतु तसे केल्यास कोरडवाहू ज्वारी-बाजरीवाल्या शेतकऱ्याला तो दंड विनाकारण बसेल. खत अनुदानावर २०२२-२३ साली केंद्र सरकारचे अडीच लाख कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाले. हा पैसा शेतकऱ्याकडून काढून घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण तो गोणीच्या किमतीतून न देता एकरी रोख रकमेच्या रूपाने दिला आणि युरियाची किंमत टप्प्याटप्प्याने स्फुरद-पालाशाच्या जवळ आणली, तर शेतकऱ्याचे उत्पन्न तेवढेच राहून नत्राची उधळपट्टी थांबू शकेल. यात सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वाटेकऱ्याचे काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. शिवाय हा निर्णय दिल्लीत व्हावयाचा आहे, आणि युरियाच्या किमतीला हात लावण्याचे धाडस आजवर कोणत्याही पक्षाच्या सरकारने सातत्याने दाखविलेले नाही. तोवर हातावर हात ठेवून बसावयाचे काय?

येथेच महाराष्ट्राजवळ इतर राज्यांना नसलेले एक साधन आहे. राज्यात सहकारी आणि खासगी मिळून दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. कोणत्या गटात, कोणत्या जातीचा ऊस, कोणत्या तारखेला लागला, लागण की खोडवा, आणि शेवटी वजनकाट्यावर किती टन भरला, याची नोंद कारखान्याच्या शेती विभागाकडे असते. अनेक कारखाने सभासदांना खते उधारीवर देतात आणि ऊसबिलातून ती रक्कम कापून घेतात. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळाही अनेकांकडे आहेत. खतविक्रीच्या यंत्रावर खरेदीदाराची नोंदही २०१८ पासून देशभर होऊ लागली आहे. म्हणजे हिशेबाचे सर्व कागद उपलब्ध आहेत. ते एका वहीत एकत्र आणण्याचे काम तेवढे बाकी आहे.

तोडून नेलेल्या उसाबरोबर टनामागे ढोबळमानाने किलोभर नत्र शेताबाहेर जाते. तेव्हा कार्यक्षेत्रात नत्र किती आले आणि उसाबरोबर किती गेले, यांची वजाबाकी करणे अवघड नाही. जो फरक उरेल त्यातला काही भाग जमिनीत आणि पाचटात राहतो, काही हवेत जातो आणि काही विहिरीत उतरतो. प्रत्येक कारखान्याने टन उसामागे वापरलेले नत्र हा एक आकडा आपल्या वार्षिक अहवालात, गाळप आणि उतारा यांच्या शेजारी छापावा. ज्याचे नत्र जास्त आणि उतारा कमी, त्या कारखान्याच्या सभासदांना सर्वसाधारण सभेत विचारावयाचा प्रश्न आपोआप सुचेल.

दुसरी गोष्ट विहिरींच्या तपासणीची. कार्यक्षेत्रातील निवडक विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, तपासून त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. १९७२ च्या दुष्काळात स्थापन झालेल्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे या कामाचे ज्ञान आहे. तिला स्थानिक हात हवे आहेत. या तपासणीत शेतकऱ्याचाही रोख स्वार्थ आहे. लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे दहा मिलिग्रॅम नत्र. अशा पाण्याची एकूण एक मीटर उंचीची पाळी हेक्टरभर उसाला हंगामात दिली, तर त्यातून सुमारे शंभर किलो नत्र पडते, म्हणजे जवळजवळ पाच गोण्या युरिया. विहिरीत आधीच विरघळलेले खत पुन्हा पैसे देऊन विकत घेण्यात कोणते शहाणपण आहे? पाण्याच्या अहवालावरून खताची मात्रा कमी करण्याची शिफारस कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याने लेखी दिली, तर शेतकऱ्याची बचत होईल आणि तेच पाणी पिकातून फिरून हळूहळू निवळूही लागेल.

तिसरी गोष्ट किमतीची. उसाचे पैसे केवळ टनावर न देता गटनिहाय साखरेच्या प्रमाणावर काही अंश तरी द्यावेत. प्रत्येक गाडीचा नमुना काढणे आपल्याकडील लहान क्षेत्रांमुळे कठीण आहे हे मान्य; परंतु गटातील उसाची सरासरी पक्वता तोडणीपूर्वी पाहणे ही कारखान्यांना अपरिचित गोष्ट नाही. तोडणीचा क्रम लावण्यासाठी जो निकष वापरता येतो, तो बक्षिसासाठी वापरता न येण्यास कारण नाही.

यांखेरीज पाडेगावचे १९३२ सालापासूनचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची १९७५ सालची साखर संस्था यांनी जे सांगितले आहे, ते शेतापर्यंत नेण्यास हिशेबाची ही वहीच उपयोगी पडेल. पाचट न जाळता सरीत कुजविणे, हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची बेणेप्रक्रिया, ठिबकातून थोडे थोडे खत देणे यांपैकी काहीही नवे नाही. उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ सालीच घेतला होता. तो प्रत्यक्षात कितपत उतरला हे कोणत्याही शिवारात फिरून पाहता येते. मोजमापाविना केलेली सक्ती अशीच कागदावर राहते.

पूर्वानुभव काय सांगतो?

हे अव्यवहार्य आहे, असे कारखानदार म्हणतील. त्यांना दोन उदाहरणे दाखविता येतील. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात उसाच्या शेतांतून वाहणाऱ्या नत्राने समुद्रातील प्रवाळांची मोठी रांग धोक्यात आली, तेव्हा तेथील सरकारने २००९ साली कायदा करून ऊस उत्पादकांना नत्राची मात्रा ठरलेल्या पद्धतीने काढण्याचे आणि तिची नोंद ठेवण्याचे बंधन घातले. ऊस उत्पादकांचा विरोध तेथेही झाला. पण ऊस पिकावयाचा थांबला नाही.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. नीरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीच पाणी साचून जमिनी खारावू लागल्या होत्या. कालव्याच्या पाण्याला शिस्त लावण्यासाठी विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचविली. निचऱ्याचे प्रयोगही झाले. तरीही पुढील काळात कृष्णाकाठी हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली आणि मिठागरासारखी पांढरी दिसू लागली तेव्हाच आपण जागे झालो. शिरोळ तालुक्यात सहकारी कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले, जमिनीखाली सच्छिद्र नळ्यांचे जाळे घातले गेले आणि नापीक झालेली जमीन पुन्हा पिकू लागली. एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नसलेले काम कारखाना करू शकतो, याचा हा पुरावा आहे. मात्र खारावलेली जमीन डोळ्यांना दिसते, नायट्रेट दिसत नाही. त्यामुळे येथे जागे होण्यास अधिकच उशीर होईल. आणि निचऱ्याने क्षार काढता येतात तसे खोल खडकाच्या भेगांत साचलेले नायट्रेट काढता येत नाही. आज खत कमी केले तरी विहीर निवळावयास अनेक वर्षे लागतात.

या कामाला पैसा लागेल, पण तो अवाच्या सवा नाही. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने टनामागे एक रुपया बाजूला काढला तरी वर्षाला दहा लाख रुपये जमतात. तेवढ्यात विहिरींची तपासणी, तिची नोंद आणि ऊसतोड कामगारांच्या तळांवर पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय यांना आरंभ करता येईल. टनामागे कपात करून चांगल्या कामांसाठी निधी उभारणे ही तर सहकाराची जुनीच रीत आहे. महाविद्यालये आणि रुग्णालये याच रीतीने उभी राहिली.

सहकारी साखर कारखान्याचा खरा अर्थ असा होता की, पिकविणारा, गाळणारा आणि नफा वाटून घेणारा हे एकच असावेत. मग होणाऱ्या नुकसानीचा धनीही तोच असावयास हवा. खासगी कारखान्यांनाही यातून सुटका असू नये. गाळप परवान्याच्या अटींत ही नोंद घालणे राज्य सरकारच्या हाती आहे. परंतु आरंभ सहकाराने करावा. येत्या वार्षिक सभांत लाभांश आणि दर यांवर चर्चा होईलच. ती झालीच पाहिजे. तिच्या जोडीला एखाद्या सभासदाने उभे राहून एवढेच विचारावे : आपल्या कार्यक्षेत्रात गेल्या हंगामात किती नत्र पडले, किती उसातून बाहेर गेले आणि उरलेले कोठे आहे? अध्यक्षांना उत्तर देता आले नाही, तर ते पुढच्या वर्षीच्या अहवालात छापण्याचा ठराव सभेने तेथल्या तेथे मंजूर करावा.